परळमधील एका सर्जिकल दुकानाचा संयुक्त जाहिरात निधी : दोन आर्थिक वर्षांचे प्रकरण

शनिवार, ३० मार्च २०२४ रोजी संध्याकाळी परळमधील एका सर्जिकल दुकानाच्या मालकांनी कंपनीकडून आलेला मेल छापून माझ्यासमोर ठेवला. घरगुती वापराची वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या या कंपनीकडे त्यांनी वर्षभरातल्या जाहिरातींपोटी ७५,००० रुपयांचा क्लेम पाठवला होता. कंपनीने त्यातले ९,००० रुपये मंजूर केले होते. उरलेल्या तिन्ही नोंदींपुढे ‘नामंजूर’ एवढाच शेरा होता. दुसऱ्या दिवशी रविवार आणि वर्षअखेर असल्यामुळे कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याची सोय नव्हती, आणि नियमाप्रमाणे जाहिरातीसाठी दुकानाच्या नावे साठलेली पण न वापरलेली जमा ३१ मार्चच्या मध्यरात्री संपुष्टात येणार होती.

मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कंपन्यांकडचे क्लेम पाहण्याचे काम करतो. या दुकानाची दोन वर्षांची कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली आणि मालकांच्या संमतीने ती इथे मांडत आहे. दुकान आणि कंपनी यांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. हे प्रकरण लिहावेसे वाटले याचे कारण असे की, संयुक्त जाहिरात निधीविषयी, म्हणजे दुकानदार आणि कंपनी मिळून करायच्या जाहिरातीच्या पैशाविषयी, आपल्याकडचे दुकानदार दोन टोकांनी वागताना दिसतात. काही जण तो कंपनीची मेहेरबानी समजून मागतच नाहीत, तर काही जण तो वाया जाऊ नये म्हणून नको ती जाहिरात करून बसतात. या दुकानाने पहिल्या वर्षी पहिली चूक भोगली आणि दुसऱ्या वर्षी दुसरी चूक थोडक्यात टाळली.

आधी निधीची रचना पाहू, कारण तिच्यातच पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे. दुकानदार कंपनीकडून, किंवा तिच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या वितरकाकडून, जेवढी नक्त खरेदी करतो तिच्या ठरावीक टक्क्यांएवढी रक्कम त्याच्या नावे जाहिरातीसाठी जमा होत जाते. या कंपनीचा दर ३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये दुकानाची जीएसटी वगळून खरेदी ४८,००,००० रुपये झाली, म्हणजे १,४४,००० रुपये जमा झाले. ही रक्कम हातात मिळत नाही. दुकानदाराने आधी स्वतःच्या पैशाने जाहिरात करायची, तिचे पुरावे पाठवायचे, आणि मंजूर खर्चाच्या ५० टक्के रक्कम कंपनीने जमेच्या मर्यादेत परत द्यायची, अशी पद्धत असते. त्यामुळे १,४४,००० रुपये पूर्ण मिळवायचे तर एकूण २,८८,००० रुपयांची जाहिरात करावी लागते आणि तेवढेच १,४४,००० रुपये दुकानाच्या गल्ल्यातून जातात. जाहिरातीपूर्वी लेखी मंजुरी, जाहिरात झाल्यापासून ४५ दिवसांत क्लेम आणि ३१ मार्चला उरलेली जमा रद्द, हे तीन नियम जवळपास प्रत्येक कंपनीच्या योजनेत थोड्याफार फरकाने असतात.

ही जमा कंपनी आपल्या पदरचे देत नाही, हे मी मालकांना पहिल्याच बैठकीत सांगितले. वितरणाच्या खर्चाचा अंदाज बांधताना कंपनी हे ३ टक्के मालाच्या दरात धरते आणि दुकानदार प्रत्येक बिलाबरोबर ते मोजतो. म्हणून क्लेम ही विनंती नसून वसुली आहे, आणि उधारीची वसुली आपण जितक्या काटेकोरपणे करतो तितक्याच काटेकोरपणे ती करायला हवी. ज्या दुकानात ग्राहकाच्या दोनशे रुपयांच्या उधारीची नोंद वहीत असते, त्याच दुकानात दीड लाखाच्या या जमेची नोंद कुठेही नव्हती. कंपनीचे चौदा पानांचे इंग्रजी नियमपत्रक मे २०२३ मध्ये बिलिंग करणाऱ्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर आले होते. ते मालकांच्या मुलीने मार्चमध्ये, क्लेम भरताना, पहिल्यांदा उघडले.

आता नामंजूर झालेल्या तीन नोंदी पाहू. त्यातली पहिली आणि सर्वांत मोठी नोंद दुकानाच्या पाटीची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण ही अडचण खास मुंबईची आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरीतील मजकूर इतर कोणत्याही लिपीपेक्षा लहान असू नये, असा नियम आहे. व्यापाऱ्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. ती २५ नोव्हेंबरला संपत होती आणि त्यानंतर महापालिका कारवाई सुरू करणार हे सर्वांना ठाऊक होते. त्या महिन्यात परळ-लालबागमधल्या एकाही पाटीवाल्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. आमच्या मालकांनी मिळेल त्या पाटीवाल्याकडून ६४,००० रुपयांची ग्लो साइन, म्हणजे आतून दिवे असलेली, पाटी करून घेतली. वर दुकानाचे नाव ठळक देवनागरीत, आणि खाली कंपनीचे बोधचिन्ह. पाटी कंपनीचे नाव मिरवते, तेव्हा अर्धा खर्च कंपनी देईल, हा त्यांचा समज चुकीचा म्हणता येणार नाही.

कंपनीच्या नियमपत्रकात मात्र असे लिहिले होते की, पाटीच्या क्षेत्रफळाच्या किमान ४० टक्के भागावर कंपनीचे बोधचिन्ह हवे आणि कंपनीचे नाव रोमन लिपीत सर्वांत मोठ्या अक्षरात हवे. हा नियम पाळला असता तर पाटी कायद्याच्या विरोधात गेली असती. कायदा पाळला म्हणून क्लेम फेटाळला गेला. मला या नोंदीत दुकानदाराची बाजू निर्विवादपणे खरी वाटते, कारण ज्या राज्यात माल विकायचा त्या राज्याचा पाटीविषयीचा नियम कंपनीच्या कार्यालयाला माहीत असायलाच हवा होता. तरीही दोन गोष्टी मालकांच्या विरोधात जात होत्या. पाटी लावण्याआधी लेखी मंजुरी घेतलेली नव्हती, आणि अशा दिव्यांच्या पाटीसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३२८-अ खाली लागणाऱ्या परवान्याची प्रतही क्लेमला जोडलेली नव्हती. नियमातली विसंगती कितीही उघड असली तरी हे दोन कागद नसल्यामुळे वाद घालण्याची जागाच उरली नाही.

दुसरी नोंद वर्तमानपत्रातील ४२,००० रुपयांच्या जाहिरातीची होती, आणि इथे मी कंपनीच्या बाजूने आहे. एकाच चौकटीत या कंपनीचे बीपी मशीन आणि दुसऱ्या कंपनीचा ग्लुकोमीटर छापला होता. प्रतिस्पर्ध्याच्या मालाच्या जाहिरातीचा खर्च कोणती कंपनी देईल? त्याहून गंभीर बाब म्हणजे जाहिरातीच्या माथ्यावर ‘मधुमेह आणि रक्तदाब नियंत्रणात आणा’ अशी ओळ होती. ग्लुकोमीटर साखर मोजतो, ती कमी करत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींचा उल्लेख आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आलेली आहेत. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देऊ शकते. ती ओळ जाहिरात एजन्सीतल्या मुलाने सहज सुचवली होती आणि मालकांनी ती वाचून ‘छान आहे’ म्हटले होते. आजारी माणसाच्या घरच्यांना विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातीत शब्दाची जबाबदारी कपड्याच्या किंवा भांड्यांच्या जाहिरातीपेक्षा जास्त असते, आणि ती जबाबदारी दुकानदाराने एजन्सीवर सोडून चालत नाही.

तिसरी नोंद २६,००० रुपयांच्या आरोग्य शिबिराची. त्यातले ८,००० रुपये शिबिराला आलेल्या डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचे होते आणि उरलेले बहुतेक रोखीच्या व्हाउचरवर. वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांत डिसेंबर २००९ मध्ये झालेल्या बदलानंतर डॉक्टरांनी औषध व आरोग्य क्षेत्रातल्या कंपन्यांकडून भेटी घेणे निषिद्ध आहे, आणि अशा भेटींचा खर्च आयकरात वजावटीला पात्र नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी केंद्राने स्वतंत्र संहिताच काढली. भेटी हा खर्च संपूर्ण शिबिराच्या बिलात मिसळल्यामुळे कंपनीने सगळीच नोंद बाजूला ठेवली. फक्त १८,००० रुपयांची पत्रके नियमात बसली आणि त्यांचे निम्मे, ९,००० रुपये, क्रेडिट नोटने, म्हणजे दुकानाच्या खात्यात जमा दाखवणाऱ्या कागदाने, आले. वर्षाची १,३५,००० रुपयांची जमा बुडाली आणि जाहिरातीच्या १,५०,००० रुपयांपैकी १,४१,००० रुपये दुकानाच्याच खिशातून गेले.

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही एक साधी शंभरपानी वही घातली. मालकांची मुलगी दर महिन्याच्या पाच तारखेला आदल्या महिन्याची खरेदी, जमा झालेले ३ टक्के, मागितलेली मंजुरी, मंजुरीची तारीख, जाहिरातीची तारीख आणि त्यापासूनचा पंचेचाळिसावा दिवस, एवढेच त्यात लिहू लागली. टॅलीत, म्हणजे संगणकावरच्या हिशेबात, ही जमा ‘येणे’ म्हणून दाखवावी का, असा प्रश्न तिने विचारला होता. मंजुरी येईपर्यंत ते येणे ठरत नाही, म्हणून पुस्तकात घेऊ नये, पण वहीत मात्र असलेच पाहिजे, असे मी सांगितले. त्याच महिन्यात कंपनीच्या मुंबई शाखेला दोन पानी पत्र दिले. त्यात मराठी पाटीच्या कायद्याचा आधार देऊन नमुना बदलण्याची मागणी होती, अनेक कंपन्यांचा माल असलेल्या पत्रकात कंपनीच्या वाट्याएवढा खर्च प्रमाणात मान्य करण्याची विनंती होती, आणि उरलेली जमा ३० जूनपर्यंत पुढे ओढण्याची परवानगी मागितली होती.

पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या, तिसरी झाली नाही. पाटीच्या बाबतीत तर शाखेने मुंबईपुरता नवा नमुनाच तयार केला. त्यात कंपनीचे नावही देवनागरीत आले आणि दुकानाच्या नावाएवढ्याच अक्षरात बसले. एरिया मॅनेजरनी स्वतः येऊन मालकांना सांगितले, “शेठ, तुमच्या पत्रामुळे आमचं वरच्यांना समजावायचं काम सोपं झालं.” मला ते खरे वाटते. कंपनीत खालच्या पायरीवर काम करणाऱ्या माणसाला अडचण अनेकदा दिसत असते, पण वर पाठवायला त्याच्या हातात दुकानदाराचा सही-शिक्क्याचा कागद नसतो.

परवान्याचा आग्रह मात्र त्या वर्षी आणखी वाढला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरातीचा महाकाय फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर महापालिकेच्या परवान्याची प्रत हाती आल्याशिवाय दुकानाबाहेरची कोणतीही जाहिरात मंजूर करायची नाही, असे कंपनीने ठरवले. घाटकोपरचा फलक आणि आठ फुटांची दुकानाची पाटी यांची तुलना होऊ शकत नाही हे खरे, पण परवान्याशिवाय लावलेल्या कशावरही आपले नाव नको, ही भूमिका रास्तच होती. परवान्याला सात आठवडे लागले आणि ७०,००० रुपयांची नवी पाटी ऑगस्टमध्ये लागली. तिचे निम्मे, ३५,००० रुपये, पूर्ण मिळाले. नऊ महिन्यांत दुसरी पाटी करावी लागली याचे मालकांना वाईट वाटले. पहिल्या पाटीचा सांगाडा आणि दिवे नव्या पाटीत वापरता आले, म्हणून खर्च तेवढ्यावर तरी थांबला.

गणेशोत्सवाचा विषय याच सुमारास निघाला. लालबाग-परळच्या दुकानदाराला मंडळाची वर्गणी आणि कमानीवरचे नाव हा दरवर्षीचा खर्च असतो आणि तो क्लेममध्ये बसवता येईल का, असे मालकांनी विचारले. वर्गणी ही देणगी आहे आणि ती निधीच्या नियमात बसत नाही, मात्र मंडळाच्या स्मरणिकेत छापलेली जाहिरात, तिचे पान आणि पावती असली तर बसू शकते. मालकांनी वर्गणी स्वतःच्या नावाने दिली आणि स्मरणिकेच्या फंदात पडले नाहीत. वॉकर किंवा कमोड खुर्ची घ्यायला निघालेले माणूस स्मरणिका चाळून दुकान शोधत नाही, हा त्यांचा तर्क मला पटला.

मग ते माणूस दुकान कसे शोधते? या एका प्रश्नावर आम्ही जूनमधल्या तीन दुपारी दुकानात बसून काढल्या आणि त्यातून वर्षातली सर्वांत चांगली जाहिरात निघाली. केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया यांच्या परिसरातल्या दुकानाचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक आसपासच्या चाळींतले आणि नव्या टॉवरमधले, आणि दुसरे रत्नागिरी, सांगली, नांदेडहून उपचाराला आलेले, जे डिस्चार्ज मिळाला की त्याच दिवशी परळ आगारातून किंवा दादरहून गावाकडे निघतात. दोघांच्याही हातात डिस्चार्जचा कागद असतो आणि त्यावर ‘वॉकर’, ‘एअर बेड’, ‘बीपी रोज पाहावे’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या मापाचा, हे कोणी सांगितलेले नसते. तिसऱ्या दुपारी एक गृहस्थ आदल्या दिवशी नेलेली व्हीलचेअर परत घेऊन आले. खोलीच्या दारातून ती आत गेलीच नव्हती. आईला खुर्चीत बसवून बाहेरच्या व्हरांड्यात रात्र काढावी लागली, असे ते सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

मुलीने त्यावरून फुलस्केप लांबीचे पत्रक तयार केले. मथळा होता, ‘रुग्ण घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात’. व्हीलचेअर घेण्याआधी घराच्या आणि संडासाच्या दाराची रुंदी मोजून आणा, वॉकरची उंची रुग्णाच्या मनगटाशी कशी जुळवायची, एअर बेडचा पंप पलंगाच्या कोणत्या बाजूला टांगायचा, अशा सूचना त्यात होत्या. पत्रकाच्या उभ्या कडेला सेंटीमीटरची पट्टी छापली होती. ती कापून दंडाभोवती गुंडाळायची आणि ३२ च्या ठळक रेघेपर्यंत दंड मावला नाही तर बीपी मशीनबरोबर मोठा पट्टा (दंडाला गुंडाळायचा कफ) मागायचा, कारण मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडासाठी असतो आणि जाड दंडावर तो लावला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. २०,००० प्रतींची छपाई २८,००० रुपये आणि परळ, लालबाग, शिवडी भागात वर्तमानपत्रांतून टाकणे व औषध दुकानांत ठेवणे यांचे १२,००० रुपये, असा एकूण ४०,००० रुपये खर्च आला.

क्लेम भरताना कंपनीने पत्रकाचे क्षेत्रफळ मोजले. कंपनीच्या मालाचे चित्र आणि नाव जिथे आहे तो भाग ६० टक्के निघाला. दाराच्या मापाची सूचना आणि सेंटीमीटरची पट्टी यांना ‘कंपनीशी संबंध नसलेला मजकूर’ धरण्यात आले. म्हणून २४,००० रुपये मान्य आणि त्याचे निम्मे १२,००० रुपये मिळाले. याउलट वर्तमानपत्रातल्या चार जाहिराती, प्रत्येकी २२,००० रुपयांच्या, कंपनीने दिलेल्या तयार नमुन्यावर असल्यामुळे पूर्ण मान्य ठरल्या. त्यापैकी एका जाहिरातीचे मूळ पान जपून ठेवले नव्हते आणि झेरॉक्स चालत नव्हती, म्हणून ११,००० रुपये गेले. तीन जाहिरातींचे ३३,००० रुपये आले. दुकानात घेतलेल्या ‘तुमचे बीपी मशीन तपासून घ्या’ या दिवसाच्या ३०,००० रुपयांपैकी चहा-नाश्त्याचे ६,००० वगळून उरलेल्याचे निम्मे, १२,००० रुपये, मिळाले.

२०२४-२५ मध्ये दुकानाची खरेदी ५२,००,००० रुपये आणि जमा १,५६,००० रुपये झाली होती. एकूण जाहिरात २,२८,००० रुपयांची झाली, कंपनीकडून ९२,००० रुपये आले आणि दुकानाच्या खिशातून १,३६,००० रुपये गेले. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा स्वतःचे ५,००० रुपये कमी खर्चून जाहिरात दीडपट झाली.

कराची बाजू आम्हाला सर्वांत जास्त वेळ घेऊन गेली, तरी ती थोडक्यात सांगतो. आदल्या वर्षी कंपनीने परतफेड क्रेडिट नोटने केली होती, जणू ती मालावरची सूट होती. दुकानाच्या सीएंचे म्हणणे असे पडले की, लेखी करारानुसार, ठरलेल्या मोबदल्यावर, कंपनीच्या मालाची जाहिरात करणे ही दुकानाने कंपनीला दिलेली सेवा आहे आणि तिचे १८ टक्के जीएसटी लावून कर-बीजक काढायला हवे. पाटीच्या ३५,००० रुपयांवर ६,३०० रुपये जीएसटी लावला, तो कंपनीने दिला आणि तिला त्याची वजावट मिळाली. पाटीवाल्याच्या ७०,००० रुपयांवरचा १२,६०० रुपयांचा कर दुकानाला वजावटीस मिळाला. वर्तमानपत्रातील जागेवर मात्र ५ टक्केच कर असतो, त्यामुळे तिथे वजावट कमी आणि भरणा जास्त दिसतो. तो फरक कंपनीकडून वसूल होतच असल्याने घाबरण्याचे कारण नसते. कंपनीने ३५,००० रुपयांच्या बिलातून कलम १९४सी प्रमाणे १ टक्का, म्हणजे ३५० रुपये, टीडीएस कापला, तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात, ताडून घेतला. कंपनीच्या लेखा विभागाने दोन महिने कुरकुर केली. पुढे १२ सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय परिपत्रकाने नेमका हाच भेद स्पष्ट केला : विक्रीनंतरची साधी सूट ही सेवेचा मोबदला नाही, पण करारात नमूद केलेली आणि मोबदला ठरलेली जाहिरात मोहीम ही सेवा आहे. सीएंनी आधीच धरलेली सावध वाट योग्य ठरली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन प्रश्न एकदम समोर आले. पहिला प्रश्न समान वागणुकीचा होता. एका मोठ्या साखळी दुकानाला हीच कंपनी जाहिरातीचा १०० टक्के खर्च देते, असे मालकांच्या कानावर आले आणि ते अस्वस्थ झाले. अमेरिकेत १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्यानुसार एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या विक्रेत्यांना जाहिरातीचे सहाय्य प्रमाणशीर समान अटींवर देणे उत्पादकाला बंधनकारक आहे. आपल्याकडच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात भेदभावाची बंदी मुख्यतः बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगाला लागू होते, आणि या कंपनीचे तसे वर्चस्व नव्हते. म्हणून कायद्याचा धाक दाखवण्यात अर्थ नव्हता. मालकांनी ती बाब पत्रात शांतपणे नोंदवली. उत्तर आले नाही. मला हा अन्याय वाटतो, कारण रुग्णाच्या घरच्यांना पट्ट्याचे माप समजावून सांगायला जो वेळ लागतो तो लहान दुकानदारच देतो.

दुसरा प्रश्न उरलेल्या ६४,००० रुपयांचा होता. ते मार्चअखेर बुडणार होते आणि एरिया मॅनेजर रोज फोन करून आणखी सहा वर्तमानपत्री जाहिराती काढा म्हणून सांगत होते. मालकांची इच्छाही तशीच झाली होती. मी हिशेब मांडला. ६४,००० मिळवायला १,२८,००० रुपयांची जाहिरात करावी लागेल, त्यातले ६४,००० दुकानाचे. दुकानाचे ढोबळ मार्जिन, म्हणजे विक्रीतला ढोबळ नफा, सुमारे १६ टक्के धरले तर नुसता तेवढा खर्च भरून काढायला ४,००,००० रुपयांची जादा विक्री हवी. ती होईल का, हे सांगायला आमच्याकडे एक पुरावा होता. जुलैपासून मुलगी प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमचं दुकान कुठून कळलं?’ असे विचारून बिलाच्या दुकान-प्रतीवर एक अक्षर लिहीत होती, ‘प’ म्हणजे पत्रक आणि ‘व’ म्हणजे वर्तमानपत्र. ‘प’ जवळपास रोज सापडत होता, कधी कडेची पट्टी कापलेले पत्रकच हातात घेऊन माणूस येत होता. ‘व’ आठवड्याला एखाद-दुसरा.

कंपनीचा वाटा वजा जाता पत्रकांचा खर्च दुकानाला २८,००० रुपये पडला होता आणि चार वर्तमानपत्री जाहिरातींचा ५५,००० रुपये. कंपनी ज्या जाहिरातीला भरभरून पैसे देत होती ती दुकानाला कमी उपयोगाची होती, आणि जी उपयोगाची होती तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग, ती सेंटीमीटरची पट्टी, क्लेम कमी करत होता. यात कंपनीचा काही कावा नाही. तिला तिचे नाव सर्वदूर पोचवायचे असते आणि दुकानाला शिवडीच्या चाळीतला माणूस आपल्या पायरीशी आणायचा असतो. दोघांच्या गरजा जिथे जुळतात तेवढाच निधी खरा. मालकांनी बराच वेळ वही उलटसुलट केली आणि शेवटी म्हणाले, “बुडू देत चौसष्ट. माझे चौसष्ट तरी वाचतील.” इतक्या वर्षांत निधी बुडू देण्याचा सल्ला मी फार थोड्यांना दिला आहे आणि तो ऐकणारे त्याहून थोडे भेटले.

२०२५-२६ चा आराखडा ७ एप्रिल २०२५ रोजी कंपनीकडे गेला. त्यात वर्तमानपत्राच्या दोनच जाहिराती ठेवल्या होत्या, मूळ पाने त्याच दिवशी दुकानात आणण्याची जबाबदारी पेपरवाल्याशी बोलून ठरवली होती, आणि पत्रकाच्या ४०,००० प्रती प्रस्तावित केल्या होत्या. सोबत दंडाला मोठा पट्टा लागतो म्हणून कंपनीचाच मोठा पट्टा विकत घेतलेल्या ग्राहकांच्या बिलांच्या प्रती जोडल्या होत्या, जेणेकरून पट्टी हा कंपनीशी संबंध असलेलाच मजकूर आहे हे दिसावे. मंजुरी २१ एप्रिलला आली. पट्टीचा भाग कंपनीच्या वाट्यात धरला गेला आहे आणि प्रमाण ६० वरून ७२ टक्क्यांवर गेले आहे. दाराची रुंदी मोजण्याची सूचना अजूनही बाहेरच आहे, आणि ती दुकानाने स्वतःच्या खर्चाने ठेवली आहे.